दिगंबर मिस्त्रींचा पहिला प्रश्न

माझा स्वतःचा दहाचाकी ट्रक होता, असं मी म्हटलं की अहमदपूरच्या मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, लोक आधी हसून घेतात आणि मग खुर्ची पुढे ओढतात. मी ट्रकचा धंदा कसा केला ते बघून गावातल्या बऱ्याच जणांनी ट्रक घ्यायचा विचार सोडून दिला, एवढं समाजकार्य माझ्या नावावर आहे. पण आज सांगायचंय ते माझ्याबद्दल नाही, दिगंबर मिस्त्रींबद्दल. त्यांच्याविषयी लातूर रोडवर जे बोललं जातं ते चूक आहे. ते चूक आहे हे त्यांच्या घरधनिणीला माहीत आहे, आणि मला. ती बोलणार नाही, आणि माझं कोणी ऐकत नाही. त्यांच्या मुलाच्या हाती हे पडेल अशी भीती मला नाही. माधव वाचणाऱ्यातला नाही. आणि वाचलंच, तर लिहिणाऱ्याचं नाव बघून हसेल आणि बाजूला ठेवेल.

तर तो ट्रक. रस्त्याला लागला की शहाणा. चढ म्हणू नका, ओव्हरलोड म्हणू नका, ओढून न्यायचा. पण उभा केला, गिअर काढला, की अंगात आल्यासारखा थरथरायला लागायचा. आरसे लटपटायचे. डॅशबोर्डवरचा गणपती हळूहळू फिरत ड्रायव्हरकडे पाठ करून बसायचा. मोंढ्यातले हमाल म्हणायचे, "मालक, गाडीला हिवताप आलाय, दवाखान्यात न्या."

मी दवाखान्यात न्यायचं सोडून स्वतःच डॉक्टर झालो. इंजिनाखालची रबरं बदलली. फरक नाही. मग ड्रायव्हरच्या सीटमध्ये दुप्पट जाडीचा फोम भरला, म्हणजे रोग राहिला तरी निदान रोग्याची तक्रार जाईल. शेवटी एका रविवारी, मोबाईलवर कोणाचा तरी व्हिडिओ बघून, इंजिनात डिझेल फवारणारी सगळी नोझलं काढली, धुतली, नवे वायसर घालून बसवली. त्यानंतर गणपतीने पाठ फिरवणं सोडलं आणि सरळ खाली उडी मारली.

तेव्हा कोणी तरी सांगितलं, नांदेडला दिगंबर मिस्त्रींकडे जा.

नांदेडहून लातूरकडे निघालं की वस्ती विरळ होता होता त्यांची पत्र्याची लांब शेड होती. होती म्हणतो, कारण आता नाही. मागे दोन खोल्यांचं घर. पाटी नाही, फोन नंबर नाही. मूळचे ते भोकरकडचे, कुणब्याच्या घरचे. शेती भावाच्या अंगावर टाकून तरुणपणीच पान्यांच्या मागे लागलेले. उंच, वाळलेले, आणि आयुष्यभर इंजिनावर एकाच बाजूने वाकल्यामुळे डावा खांदा उजव्यापेक्षा खाली आलेला. भर मे महिन्यात सुद्धा शर्टाचं गळ्याचं बटण लावलेलं. शेडमध्ये रेडिओ लावायची बंदी. कोणी मोठ्याने हसलं तरी ते त्या दिशेला बघायचे, आणि हसणारा मग उरलेलं हसू बाहेर जाऊन हसायचा.

मी गाडी लावली आणि किल्ली फिरवणार तोच आवाज आला, "बंद करू नका. चालू ऱ्हाऊ द्या."

एक लोखंडी स्टूल घेऊन ते गाडीच्या तोंडासमोर बसले. मुलगी बघायला आलेला पाहुणा बसतो तसे, गुडघ्यावर हात, पाठ ताठ. डोळे मिटले. चहा आला, तो डोळे मिटूनच प्याले. मी बाजूला उभा राहून काही तरी शास्त्रीय बोलावं म्हणून, "पिकअपला मात्र चांगला आहे," असं म्हटलं.

"पळताना समदेच चांगले आसतेत," ते म्हणाले. "उभं ऱ्हाऊन कसं वागतंय ते बघावं लागतं." मग डोळे उघडून पहिला प्रश्न विचारला. "टाकी किती हाय?"

"मोठी आहे," मी म्हणालो.

"टाकीत डिझल किती हाय, मालक?"

"भरलीय. सकाळीच भरली."

"आन तरी थरथरती." त्यांनी मान हलवली. "म्हंजी टाकीतली नळी चांगली हाय. त्या नळीला वरच्या अंगाला चीर आसली तर टाकी भरलेली आसंपर्यंत कळत न्हाई. डिझल खाली गेलं की चीर उघडी पडती, हवा वढती, आन इंजिन खालीवर व्हतं. लोकं इंजिन खोलून बेजार व्हतेत, आन रोग निघतो टाकीत. म्हणून आधी टाकी इचारायची."

दुसरा प्रश्न, गार इंजिनावर करते की तापल्यावर. आणि तिसरा, ज्याला लातूरपासून देगलूरपर्यंतचे ड्रायव्हर टरकून असायचे: "कोणाकोणाचा हात लागलाय हिला?"

त्यांचा नियम होता. दुसऱ्याने खोललेल्या इंजिनाला ते पाना लावत नसत. आधीच्या मिस्त्रीला घेऊन या, तो इथे, सगळ्यांसमोर उभा राहून, काय काढलं, काय घातलं, काय विसरलो ते सांगेल, मग पुढचं. "खोललेल्या इंजिनात गाडीचा दोष बी आसतो आन मिस्त्रीचा बी. कोणता कोणाचा हे आधी वेगळं नको का व्हायला?" असा त्यांचा खुलासा. मिस्त्री लोक हे अपमान समजत. तरी येत. कारण उभं राहून खरं सांगितलं की ते एका शब्दाने बोलत नसत, पुढे होऊन काम करत आणि आधीच्याला शेजारी बसवून चहा देत.

"तो मिस्त्री आलेलाच आहे," मी म्हणालो.

"कुठं हाय?"

"मीच."

शेडमधले तिघे-चौघे हातातली कामं ठेवून जवळ आले. मी हात बांधून, शाळेत पाढे म्हणतात तसा, रबरांपासून फोमपर्यंत सगळा इतिहास सांगितला. फोमच्या वेळी एक जण बाहेर गेला. मिस्त्रींचा चेहरा हलला नाही. त्यांनी पाना उचलला आणि चालू इंजिनावर एकेका नोझलकडे जाणाऱ्या नळीचा नट जरासा सैल करायला सुरुवात केली. पहिला सैल केला, इंजिनाचा आवाज पडला. आवळला, आवाज वर आला. दुसरा, तिसरा, तसंच. चौथा सैल केला. आवाज होता तसाच.

"हा बघा," ते म्हणाले. "ह्याला डिझल द्या न्हाई तर देऊ नका, घरात कोणाला पत्ता न्हाई. हाच बसून ऱ्हायला."

ते नोझल काढलं, खाली वाकड्या तारेने टोकरलं, आणि तारेला तांब्याचा एक वायसर लागून आला. मग दुसरा. जुना आतच राहिला होता आणि मी त्यावर नवा घातला होता. असं मी आता सांगतो. त्या वेळी मात्र, "दोन कामून?" असं त्यांनी विचारल्यावर तोंडातून गेलं, "मजबुतीला."

मिस्त्रींनी दोन्ही वायसर माझ्या तळहातावर ठेवले. मग आत तोंड करून म्हणाले, "अवो, इंजिनेरसाहेबाला चहा आणा." त्या दिवसापासून मी त्यांच्यासाठी इंजिनेर. ट्रक विकून टाकल्यावर सुद्धा इंजिनेर.

ट्रक विकल्यावरही मी जात राहिलो. मोंढ्यात अडतीवर बसायला लागलो होतो, नांदेडला आठवड्याला खेप असायची. वाटेत त्यांचं स्टूल दिसलं की उतरायचो. ते माझ्याशी फार बोलत असं नाही. पण माझ्या फजितीचा नवा किस्सा ऐकायला त्यांना आवडायचं. ऐकून हसायचे नाहीत, गयामावशींना हाक मारायचे आणि म्हणायचे, "ह्यांनी आणिक एक केलं, ऐक." गयामावशी म्हणजे त्यांची बायको. ठेंगणी, गोल, सतत काही तरी निवडत किंवा सोलत असलेली. त्या दोघांच्या वाटचं हसून घ्यायच्या.

ड्रायव्हर लोक फोनवरून सुद्धा त्यांचा इलाज घ्यायचे. त्यांच्याकडे बटणांचा साधा फोन. एकदा माझ्यासमोर लातूरजवळच्या मुरुडहून एका ड्रायव्हरचा फोन आला. गाडी उभी केली की इंजिन वर जातंय, खाली येतंय, झोपाळ्यासारखं. मिस्त्री म्हणाले, "फोन इंजिनापाशी धर. तू बोलू नको." कानाला फोन लावून, डोळे मिटून, चहा थंड होईपर्यंत बसले. मग म्हणाले, "काल फिल्टर बदलला का रे?"

"हाव, तुम्हाला कसं कळलं?"

"फिल्टरपाशी हातानं डिझल वढायचा पंप हाय, त्याचा गोटा फिरवून पुरता बसविला न्हाईस. तिथून हवा घेऊन राहिलीय. आवळ आन फोन चालू ठेव." दोन क्षण काही खडखड, आणि मग त्या एवढ्याशा फोनमधून इंजिन एकसारखं चालल्याचा आवाज मला सुद्धा ऐकू आला. मिस्त्रींनी फोन ठेवला. तो ड्रायव्हर अजून आभार मानत होता.

असा कान होता. हे सांगून ठेवतो, कारण पुढे त्या कानाबद्दलच बोलायचं आहे.

माधव त्यांचा एकुलता एक. बापाच्या हाताखालीच शिकला, हात चांगला होता. एकदा मिस्त्री भोकरला भावकीतल्या लग्नाला गेले असताना त्याने एका गिऱ्हाइकाच्या गाडीचे टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हवरच्या फटी, मापात लावले. गाडी पुढच्या आठवड्यात परत आली, उभ्या जागी टकटक करत. मिस्त्री स्टुलावर बसले, ऐकलं, आणि तिसरा प्रश्न विचारला. गिऱ्हाईक म्हणालं, "तुमच्याच पोराचा हात लागलाय."

"मग त्या मिस्त्रीला बोलवा," मिस्त्री म्हणाले.

सगळ्यांना वाटलं, चेष्टा करून राहिलेत. पण ते स्टुलावरून हलले नाहीत. माधव आला, उभा राहिला, हात पुसत त्याने सगळं सांगितलं. शेवटी मिस्त्रींनी एवढंच विचारलं, "तापल्या इंजिनावर लावले का?"

"हाव."

"गार व्हायची सबूर नव्हती?"

एवढंच झालं. नियमाप्रमाणे पुढे मिस्त्रींनी काम केलं आणि त्याच्यापुढे चहा ठेवला. तो त्याने घेतला नाही. कारण शेडमध्ये, दारालगतच्या खुर्चीवर, लातूरहून आलेले त्याचे होणारे सासरे बसले होते.

लग्न मोडलं नाही. पण लग्न झाल्यावर माधव लातूरला राहायला गेला, तिथेच स्वतःचा ट्रक घेतला, आणि या शेडच्या दारावरून महिन्यातून कितीदा तरी गेला; थांबला नाही. आईशी फोनवर बोलायचा. बापाला तो आबा म्हणायचा; पण आबांना द्या, असं कधी म्हणाला नाही.

मी एकदा मिस्त्रींना म्हटलं, "घरच्या पोराला तरी सोडायचं होतं."

"त्याला सोडलं तर बाहेरच्याला कोणत्या तोंडानं उभं करू?" ते म्हणाले. मग पान्यावरचा गंज खरवडत पुन्हा म्हणाले, "पण सासरा बसलेला व्हता हे म्या बघितलंच न्हाई हो, इंजिनेर. माझं ध्यान इंजिनात व्हतं."

पोरगा एकदा यावा, घरात बसून जेवावा, एवढीच एक गोष्ट त्या घराला हवी होती. मिस्त्री तसं म्हणत नसत. पण रस्त्याने लातूरच्या नंबरचा ट्रक आला की उठायचे आणि माठाकडे जायचे. माठ रस्त्याच्या बाजूला होता. गयामावशी म्हणायच्या, "चोवीस नंबर दिसला की ह्यास्नी तहान लागती. दिवसभर पानी पिऊन राहिलेत."

आणि मग, गेल्या वर्षी, माधवचा ट्रक उभ्या जागी थरथरायला लागला.

मला तो मोंढ्यात भेटला. गाडी चालू होती आणि आवाज असा, की एखादा माणूस बोलता बोलता मधेच विसरतो आणि पुन्हा आठवून बोलतो. लातूरला दोन गॅरेजं झाली होती. यंत्र लावून बघितलं होतं. प्रेशर खालीवर होतंय एवढं यंत्र सांगत होतं. कशामुळे, ते सांगत नव्हतं. एकेक करून बरंच काही बदलून झालं होतं.

"आबांना दाखव," मी म्हणालो.

"त्यांच्याकडं? पुन्हा उभं ऱ्हाऊन पाढे म्हणायला?"

मग मी माझी युक्ती काढली. आई लई बिमार आहे, असं सांगितलं. त्याने तिथल्या तिथे आईला फोन लावला. गयामावशींना आधी सांगून ठेवायचं असतं, हे माझ्या ध्यानात आलं तोवर त्यांचा ठणठणीत आवाज मला सुद्धा ऐकू येत होता, "मला काय झालंय? आत्ताच दोन पायल्या ज्वारी निवडली." माधव माझ्याकडे बघून नुसता हसला. तो गेला तो माझ्या युक्तीने नव्हे. आठ दिवसांनी गाडी टोलनाक्यावर उभी केली की बंद पडायला लागली, म्हणून गेला. जाताना मला म्हणाला, "काका, तुम्ही बी चला. मधी कोणी तरी पाहिजे." मला मधे घालण्याइतका तो घायकुतीला आला होता.

गाडी शेडसमोर लागली. मिस्त्री माठापाशीच होते. माधव उतरला. "आबा." "हं." मिस्त्री गाडीच्या कडेने स्टुलाकडे गेले, आणि जाता जाता त्यांनी टाकीवर बोटाच्या पेराने टक् केलं. पोकळ आवाज आला. मी ऐकला. ते स्टुलावर बसले, डोळे मिटले, आणि लगेच उघडले. चहा यायच्या आधी. मी इतकी वर्षं बघत होतो; चहाच्या आधी डोळे उघडलेले पहिल्यांदा पाहिले.

ते पाणी प्यायला म्हणून आत गेले. मी रिकामा तांब्या घेऊन मागे होतो. दाराआड गयामावशी त्यांची बाही धरून उभ्या होत्या.

"कळलं का काय झालंय ते?"

मिस्त्रींनी होय म्हणून मान हलवली.

"लगीच सांगू नका," त्या म्हणाल्या. "बरी झालेली गाडी कशाला थांबंल? दोन दिस लागू द्या. पाया पडते तुमच्या."

मिस्त्रींनी बाही सोडवून घेतली. बाहेर आले. माधव छाती पुढे काढून उभा होता, तिसऱ्या प्रश्नाची वाट बघत. मिस्त्रींनी विचारलं, "गार इंजिनावर करती का तापल्यावर?"

पहिला प्रश्न गाळला होता. मला वाटलं, विसरले. मी मदतीला धावलो, "मिस्त्री, टाकी..."

"इंजिनेर," ते म्हणाले, "तुम्ही जरा चहाचं बघा."

तिसरा प्रश्नही त्यांनी विचारला नाही. कोणाचा हात लागलाय, नाही. उभा राहा, नाही. माधवच मग गोंधळून, न विचारता, काय काय केलं ते सांगायला लागला, आणि मिस्त्री म्हणाले, "आसू दे. बसून सांग."

त्यानंतर जे झालं ते मी अधूनमधून जाऊन बघितलं. मिस्त्रींनी फिल्टर खोलला, बसवला. रबरी नळ्या काढून फुंकर मारून बघितल्या. इंजिनाखालची रबरं सैल केली, आवळली. वायरी चाचपल्या. ज्या माणसाने आयुष्यात विनाकारण एक नट फिरवला नव्हता तो एकेक नट फिरवत होता, आणि प्रत्येक वेळी म्हणायचा, "हे न्हाई. आणिक बघू." माधव सुरुवातीला रस्त्याकडे तोंड करून उभा असायचा. दुसऱ्या दिवशी तो वायरी धरायला शेजारी बसला. जेवायला आत गेला. गयामावशींनी काय काय केलं होतं! तिसरी भाकरी वाढली तेव्हा तो नको म्हणाला नाही. संध्याकाळी इंजिनाच्या अलीकडे बाप, पलीकडे लेक, आणि मधून माधवने मोबाईल पुढे केला होता: त्याची पोरगी, वर्षाची, स्टीलची वाटी जमिनीवर आपटत होती. मिस्त्री म्हणाले, "पुन्ना लाव." माधवने पुन्हा लावलं. "पुन्ना."

तिसऱ्या दिवशी मात्र घात झाला. माधवच्या गाडीची भाडी खोळंबली होती, तो घाई करायला लागला. मिस्त्रींना काही तरी करून दाखवणं भाग होतं. इंजिन चालू होतं. त्यांनी पाना उचलला आणि नोझलच्या नळीच्या नटाला लावला, जुन्या गाड्यांना लावायचे तसा. नव्या इंजिनात त्या नळीत दाब इतका असतो की नट सैल केला तर डिझेलची धार कातडीतून आत घुसते. हे शेडमध्ये पहिल्यांदा सगळ्यांना बजावलं होतं ते त्यांनीच.

माधवने झेप घेऊन त्यांचं मनगट धरलं. "आबा! चालू इंजिनावर सोडतेत का हे? हात जाईल!"

पाना खाली पडला. माधवने मनगट सोडलं नाही. वर्षानुवर्षं त्याच्या तोंडावर बापासाठी जो राग असायचा तो त्या क्षणी मावळला, हे मी समोर उभा राहून बघितलं. त्या जागी जे आलं ते बघून मला वाटलं, राग बरा होता.

"बसा तुम्ही, आबा," तो हळू आवाजात म्हणाला. "ऱ्हाऊ द्या. मी बघतो कुठं तरी."

गाडी हैदराबादला मोठ्या वर्कशॉपला न्यायची ठरवून तो पंपावर डिझेल भरायला गेला. अर्ध्या तासात परत आला. लांबच्या पल्ल्यासाठी टाकी कित्येक दिवसांनी काठोकाठ भरलेली, आणि इंजिन घड्याळासारखं. त्याला कळलं होतं. त्याने डिझेल उपसलं, टाकीतली नळी बाहेर काढली, आणि वरच्या टोकाजवळची नखाएवढी चीर बापापुढे धरली.

"आबा, ही. टाकी किती हाय हे तुम्हीच इचारायचे ना समद्यास्नी?"

मिस्त्रींनी नळी हातात घेतली, उजेडात फिरवली. "हाव की," ते म्हणाले. "ध्यानातच आलं न्हाई बघ."

दारात गयामावशी पदर तोंडाला लावून उभ्या होत्या.

माधवने ही गोष्ट लातूरला सांगितली ती मायेनेच सांगितली. आबांचं आता वय झालं, कान गेले, स्वतःच्या पोराच्या गाडीतलं एवढंसं त्यांना कळलं नाही. ड्रायव्हरांमध्ये अशी गोष्ट गाडीच्या आधी पुढच्या ढाब्यावर पोचते. मुरुडचे फोन थांबले. शेडसमोर गाड्या लागेनाशा झाल्या. मी मोंढ्यात, पंपावर, चहाच्या टपरीवर खरं काय ते सांगत फिरलो. लोक म्हणाले, "ह्या खेपेला लई लांबची मारली." माझ्या खरं बोलण्यावर कोणी विश्वास ठेवावा असं मी आयुष्यात काही केलेलंच नव्हतं.

शेवटी मी मिस्त्रींनाच म्हटलं, "माधवला तरी सांगून टाका."

"काय सांगू? तुला तीन दिस कोंडून ठिवलं, तुझा धंदा बुडविला, म्हणून सांगू?" रिकाम्या शेडमध्ये आम्ही दोघंच होतो. "आता रोज फोन करतो. माझ्याशी बोलतो. कीव का आसंना, बोलतो तर."

"आणि तो पाना? तो तरी जाणूनबुजून लावलात, की हात सवयीने गेला?"

त्यांनी उजवा हात उलटासुलटा करून बघितला.

"तेच मला बी कळंना, इंजिनेर," ते म्हणाले.

पुढे माधव दोघांना लातूरला घेऊन गेला. शेडचे पत्रे भोकरला भावाच्या गोठ्यावर गेले. पाने कुठे गेले ते मी विचारलं नाही.

मध्यंतरी मी लातूरला गेलो होतो. गावाबाहेरची नवी वस्ती, माधवचं दोन मजली घर, दारात ट्रक. ओट्यावर मिस्त्री आणि गयामावशी समोरासमोर बसून लसूण सोलत होते. गळ्याचं बटण लावलेलं. नात त्यांच्या मांडीवर. माधव मला मोठ्याने म्हणाला, "काका, आबांशी जरा वरच्या आवाजात बोला बरं का." मिस्त्रींनी माझ्याकडे बघितलंच नाही.

माधवने गाडी चालू केली, भाड्याला निघायचं होतं. इंजिन उभ्या जागी चालू लागलं. मला काही वेगळं जाणवलं नाही. मिस्त्रींचा लसूण सोलणारा हात थांबला.

ओठ न हलवता, लसणाकडेच बघत, ते माझ्यापुरतं बोलले, "तीन नंबरचं नोझल ठिबकून राहिलंय. असाच गेला तर पिस्टन जाळून येईल. तुमच्या नावानं सांगा."

"तुम्हीच सांगा की."

"सांगा म्हणतो ना."

मी खाली उतरलो आणि घसा साफ करून माधवला म्हटलं, "माझ्या कानाला तीन नंबर जरा जड वाटतोय रे."

तो पोट धरून हसला. "काका, दोन वायसरवाले तुम्हीच ना?" पण हसता हसता त्याने मोबाईलला जोडून इंजिनाचे दोष दाखवणारं यंत्र लावलं, बघत राहिला, आणि त्याचं हसू ओसरलं. पुन्हा लावून बघितलं. मग माझ्याकडे असं बघितलं, जसं आजवर माझ्याकडे कोणी बघितलेलं नाही.

"आबा!" ओट्याकडे तोंड करून, बहिऱ्याला सांगावं तसं तो ओरडला. "तीन नंबर! काकांनी नुसत्या आवाजावरून पकडलं!"

"हाव का?" मिस्त्री म्हणाले. "मग शिकून घे त्यांच्यापासून."

आणि सोललेली पाकळी त्यांनी गयामावशींच्या ताटलीत टाकली.